विकेंद्रित एक्सचेंजवरचे व्यवहार: कोण कोणाला कळवतं आणि आपण रिटर्नमध्ये काय दाखवायचं?

अंत्रुजकर
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी फोंड्याहून, घरात बसून, लिस्बनच्या एका छोट्या कंपनीची वेबसाइटची कामं करतो. एप्रिलपासून त्यांनी पैसे यूएसडीसीमध्ये, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात, द्यायला सुरुवात केली, थेट माझ्या स्वतःच्या वॉलेटमध्ये. मध्ये बँक नाही की एक्सचेंज नाही. त्यातले काही मी युनिस्वॅप या विकेंद्रित एक्सचेंजवर (मध्ये मध्यस्थ नाही, नाण्यांची अदलाबदल कोड करतो) इथर या दुसऱ्या नाण्यात फिरवतो, भाव बरा दिसला की परत यूएसडीसी करून ठेवतो. घरखर्चापुरते भारतातल्या नोंदणीकृत एक्सचेंजवर विकतो. तिथे एक टक्का टीडीएस कापतात, तो २६एएस या करखात्याच्या उताऱ्यात दिसतो.

धाकटा भाऊ स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला. या महिन्यात त्याला तिकडच्या एक्सचेंजची मेल आली: तुम्ही कुठल्या देशाचे करदाते, तिथला कर क्रमांक काय, लवकर कळवा. त्याने मला फोन करून सांगितलं, "आता सगळ्या देशांचं सगळ्यांना कळणार, तुझं युनिस्वॅप पण." खरं का हे? युनिस्वॅप कळवणार कोणाला? आणि कळवत नसेल तर माझ्याकडून नेमकं कुठल्या रकान्यात काय अपेक्षित आहे?

शेवटचं म्हणजे, आमचे सीए म्हणाले की नफ्याचा निम्मा भाग बायकोच्या रिटर्नमध्ये जाईल. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, क्रिप्टो म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात. हे काय प्रकरण आहे?

मिर्चीपाव
पगार डॉलरच्या टोकनात, खर्च रुपयांत, भाऊ पौंडात, आणि निम्मा नफा बायकोचा. पात्रांव, तुम्हाला सीए नको, परराष्ट्र खातं पाहिजे.

ताळेबंद
मडगावला प्रॅक्टिस करतो, त्यामुळे अशी प्रकरणं आता दर आठवड्याला येतात. आधी साधा भाग.

तुमच्या हातात यूएसडीसी पडले त्या दिवशी त्यांची रुपयातली किंमत हे तुमचं व्यवसायाचं उत्पन्न. स्लॅबप्रमाणे कर. तीच किंमत पुढच्या व्यवहारासाठी तुमची खरेदी किंमत. पुढे तुम्ही यूएसडीसी देऊन इथर घेतलं, की तो यूएसडीसीचा विक्रीव्यवहार झाला. रुपये हातात आले नाहीत म्हणून सुटका नाही. कलम ११५बीबीएच, १ एप्रिल २०२२ पासून, सरळ ३० टक्के आणि वर सेस.

आकडे घालून बघा. एक लाखाचे यूएसडीसी आले. इथर घेतलं त्या दिवशी त्यांची किंमत १,०१,००० होती: नफा १,०००. ते इथर १,२०,००० ला गेलं: नफा १९,०००. पुढच्या खेपेला दुसऱ्या इथरमध्ये २१,००० तोटा झाला. तुमच्या मते वर्षाला हजाराचा तोटा. कायद्याच्या मते नफा २०,०००, त्यावर ६,००० कर आणि २४० सेस. एका नाण्याचा तोटा दुसऱ्या व्यवहारातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. खरेदी किंमत सोडून दुसरा कुठलाच खर्च मिळत नाही, व्यवहारासाठी नेटवर्कला द्यावी लागणारी गॅस फीसुद्धा नाही.

हे सगळं शेड्यूल व्हीडीए या रिटर्नमधल्या क्रिप्टोच्या तक्त्यात, प्रत्येक व्यवहार वेगळ्या ओळीत, घेतल्याची आणि विकल्याची तारीख टाकून.

मिर्चीपाव
मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर हरलो तर निदान वरती फुकट जेवण तरी मिळतं.

ताळेबंद
तिथलाही तोटा वजा होत नाही. जेवणाचं मला माहीत नाही.

नोड_चालक
मुख्य प्रश्नाकडे येऊया. युनिस्वॅप कोणाला कळवणार? उत्तर: कोणालाच नाही, कारण कळवणारा कोणी नाहीच. तो आपोआप चालणारा कोड आहे, त्याला करार म्हणतात, आणि तो २०१८ पासून इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना उघड्या नोंदींच्या साखळीवर, आहे. नवीन आवृत्त्या आल्या, तरी जुनी अजून तिथेच आहे, ती कोणी बंद करू शकत नाही. त्याच्याकडे तुमचं नाव नाही, पॅन नाही, पत्ता नाही. अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये विकेंद्रित मंचांनाही ब्रोकर ठरवणारा नियम काढला होता. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्याच संसदेने तो रद्द केला आणि राष्ट्राध्यक्षांनी सही केली. सरकारांनाही कळलंय की कोडला नोटीस बजावता येत नाही. भावाला सांगा, शांत झोप.

काळा_कोट
नोडभाऊ, अर्धंच सांगितलंत. करार कोणाचा नसेल, पण त्याचं संकेतस्थळ न्यूयॉर्कची कंपनी चालवते. आणि अमेरिकेने जे रद्द केलं ते फक्त विकेंद्रित मंचांपुरतं. जी एक्सचेंज ग्राहकांची नाणी स्वतःकडे ठेवतात त्यांना २०२५ च्या व्यवहारांपासून करखात्याला कळवायचा १०९९-डीए हा फॉर्म आहेच.

ओईसीडी या देशांच्या संघटनेची, क्रिप्टोची माहिती देशादेशांत कळवण्याची जी चौकट आहे, कार्फ, ती २०२२ मध्ये आली. त्यात "कोण कळवणार" याची व्याख्या मुद्दाम ढिली ठेवलीय: ज्या व्यक्तीचा किंवा कंपनीचा मंचावर ताबा किंवा पुरेसा प्रभाव आहे, ती कळवणार. मंचाच्या कारभारात मत देणाऱ्या टोकनांची मोठी मूठ कोणाच्या हातात आहे, फी कोणाच्या खिशात जाते, हे प्रश्न पुढे विचारले जातील. युरोपचा मायका कायदा म्हणतो की मध्यस्थाविना पूर्णपणे विकेंद्रित चालणारी सेवा आमच्या कक्षेत नाही. पण "पूर्णपणे" म्हणजे किती, त्याचा काटा कोणी दिलेला नाही. वकिलांची पुढची दहा वर्षं त्यावर निघतील.

नोड_चालक
म्हणजे आज तरी कोणी कळवत नाही. मी तेच म्हटलं.

ताळेबंद
आज युनिस्वॅप कळवत नाही, मान्य. पण अंत्रुजकरांचे पैसे युनिस्वॅपवरच जन्मले आणि तिथेच संपले असं नाही ना? लिस्बनच्या कंपनीने ते यूएसडीसी कुठून तरी विकत घेतले. बहुतेक युरोपातल्या एक्सचेंजवरून. तिथे डीएसी-८ हा कार्फ राबवणारा युरोपीय संघाचा निर्देश १ जानेवारी २०२६ पासून लागू झालाय, पोर्तुगालसकट सगळ्या संघाला. कार्फमध्ये एक्सचेंजला हेही कळवावं लागतं की अमुक ग्राहकाने खाजगी वॉलेटांकडे एकूण किती पाठवलं. वॉलेटचा पत्ता त्या अहवालात जात नाही, पण एक्सचेंजला तो जपून ठेवावा लागतो. चौकशी आली की काढून देतील.

दुसरं टोक फोंड्यात. तुम्ही भारतीय एक्सचेंजवर विकता. ती ७ मार्च २०२३ पासून मनी लॉन्डरिंग कायद्याखाली आहेत, केवायसी पक्की. शिवाय कलम २८५बीएए आलंय, १ एप्रिल २०२६ पासून तेही व्यवहारांचा तपशील खात्याला देणार. मधला भाग साखळीवर उघडा पडलेला आहे, तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. दोन्ही टोकांना नाव आहे, मध्ये नाव नाही, म्हणून मधलं लपलं असं कसं म्हणता?

नोड_चालक
हे मात्र पटलं. पण मग "युनिस्वॅपचं कळणार" नाही, "एक्सचेंजचं कळणार" म्हणा.

स्विंडनची_वहिनी
मी डिचोलीची, गेली बरीच वर्षं इथे. तुमच्या भावाला आलेली मेल आमच्या घरीही आली. घाबरण्यासारखं काही नाही. १ जानेवारी २०२६ पासून इथल्या एक्सचेंजना प्रत्येक ग्राहकाची माहिती गोळा करायची सक्ती आहे. देशादेशांतली पहिली देवाणघेवाण २०२७ मध्ये होईल. माहिती दिली नाही तर ग्राहकालाही ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा त्याला म्हणावं फॉर्म भरून टाक.

पण त्या फॉर्ममध्ये आमच्या लोकांचा घोळ बघून हसावं की रडावं कळत नाही. आमच्या गल्लीतल्या दोघांनी कर-रहिवासाचा देश म्हणून पोर्तुगाल लिहिलं, कारण पासपोर्ट पोर्तुगालचा! अहो, लिस्बनचा विमानतळ सोडून पोर्तुगाल पाहिलेला नाही. पासपोर्टचा इथे संबंध नाही. राहता, कमावता, कर भरता इथे, तर ब्रिटन लिहा आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक द्या. पोर्तुगाल लिहिलंत तर तुमची माहिती लिस्बनला जाईल, आणि तिकडचं खातं विचारेल हा कोण बाबा.

ब्रिटनमध्येही नाण्याच्या बदल्यात नाणं घेतलं की विक्री धरतात. फरक एवढाच की तोटा वजा होतो आणि वर्षाला ३,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही.

अंत्रुजकर
वहिनी, त्याने पोर्तुगालच लिहिलंय. आत्ताच फोन केला.

स्विंडनची_वहिनी
एक्सचेंजच्या खात्यात जाऊन दुरुस्त करता येतं. आजच करायला सांगा.

मिर्चीपाव
पोर्तुगालला क्रिप्टो फुकट होतं ना पूर्वी? सगळे जर्मन तिकडे पळाले होते.

काळा_कोट
२०२३ पासून नाही. ३६५ दिवसांच्या आत विकलं तर २८ टक्के. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर अजून माफ.

शिपर_बाणावली
मी क्रूझ जहाजावर, वर्षाचे आठ-नऊ महिने बाहेर. माझं खातं परदेशी एक्सचेंजवर आहे. मलाही तीच मेल. माझा कर-रहिवास कुठला लिहू? समुद्र?

मिर्चीपाव
कंट्री कोडच्या यादीत अटलांटिक शोधा.

साखळीची_सून
अंत्रुजकरांचा बायकोबद्दलचा प्रश्न कोणी उचललाच नाही. सगळे कोडमध्ये घुसले. माझ्या नवऱ्याने गुपचूप क्रिप्टो घेतलं होतं, ते मला माझ्या रिटर्नमधून कळलं. ताळेबंद बाब, जरा समजावा.

ताळेबंद
खास गोव्याचा भाग आहे हा. मुंबई-पुण्याचे सीए इथेच फसतात. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायदा चालतो, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र. म्हणून आयकर कायद्यात कलम ५ए आहे: पगार सोडून बाकी प्रत्येक शीर्षकाखालचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटायचं. घरभाडं, व्याज, शेअरचा नफा, व्यवसाय, आणि क्रिप्टोही.

तिचा शाळेचा पगार तिचाच राहतो. पण तुमच्या वर लिहिलेल्या २०,००० पैकी १०,००० तिच्या रिटर्नमध्ये, टीडीएसही त्याच प्रमाणात. ३० टक्के सपाट दर असल्यामुळे क्रिप्टोच्या नफ्यात वाटणीचा फारसा फायदा नाही. व्यवसायाच्या उत्पन्नात मात्र स्लॅब दोघांचे मिळतात, तिथे बरं पडतं. शेड्यूल ५ए दोघांनी भरायचं, आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत.

आता खरी अडचण. बऱ्याच शाळांत ऑफिसातला क्लार्क सगळ्या शिक्षिकांचे आयटीआर-१ एका दमात भरून मोकळा होतो. ५ए प्रमाणे वाटायचं उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालतच नाही. तिला आत्ताच सांगून ठेवा की यंदा आपला फॉर्म त्याच्याकडे देऊ नको.

काळा_कोट
अवांतर: कलम ५ए मध्ये "१८६० ची पोर्तुगीज नागरी संहिता" असं छापलंय. संहिता १८६७ ची आहे. इतक्या वर्षांत कोणी दुरुस्त केलेलं नाही.

साखळीची_सून
म्हणजे त्याने गुपचूप कमावलं तर निम्मं माझं, आणि गुपचूप बुडवलं तर?

काळा_कोट
कर्जाचा आणि तोट्याचा प्रश्न नागरी कायद्याचा, त्याला वेगळा धागा काढा. तिथे मी फी घेईन.

मोरजीचा_भाटकार
माझा अनुभव लिहितो. सीझनमध्ये एक परदेशी पाहुणा तीन महिन्यांचं भाडं यूएसडीटीत, यूएसडीसीसारख्याच नाण्यात, देतो म्हणाला. मी घेतलं आणि पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकलं. पैसे बँकेत आले. महिनाभराने खात्यावर लिएन, पैसे अडकले! ज्याने मला पैसे पाठवले त्याच्या खात्यात कुठल्या तरी फसवणुकीचे पैसे आले होते, तक्रार दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांकडे. मॅनेजर म्हणे तिकडूनच पत्र आणा. भाडेकरार, वॉलेटचे स्क्रीनशॉट, चॅट, सगळं पाठवल्यावर सुटलं. तोवर कामगारांचे पगार उसने काढून दिले. आता भाडं रुपयांत नाहीतर बँकेच्या वायरने, बाकी रामराम.

ताळेबंद
भाटकार, आणि ते भाडं ५ए प्रमाणे निम्मं बाईंच्या नावावर दाखवलंत ना?

मोरजीचा_भाटकार
दाखवलं, दाखवलं. तुम्ही सीए लोक मेल्यावरही पिंडाचे दोन भाग कराल.

काळा_कोट
टीडीएसचा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून मीच काढतो. कलम १९४एस, १ जुलै २०२२ पासून. नाण्याच्या बदल्यात नाणं असेल तर दोघेही एकमेकांचे खरेदीदार, दोघांनी कर भरल्याची खात्री करून मगच नाणं सोडायचं, असं कायदा आणि २०२२ चं परिपत्रक म्हणतं. युनिस्वॅपवर समोर तरलतेचा पूल आहे, म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेल्या नाण्यांचा साठा. त्याचा पॅन मागणार कोणाकडे? आणि पुलातला माणूस अनिवासी निघाला तर १९४एस नाही, कलम १९५ लागतं. म्हणजे ज्याचं नावच माहीत नाही त्याचा रहिवास ठरवा! कायदा एक्सचेंज डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय, पुलाला तो बसत नाही.

नोड_चालक
शंभर टक्के सहमत. लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही.

ताळेबंद
पाळता येत नाही हे खरं, पण टीडीएस जमला नाही म्हणून नफ्यावरचा कर चुकत नाही. मी अशिलांना सांगतो, अ‍ॅडव्हान्स टॅक्स वेळेवर भरा, व्यवहाराची पूर्ण नोंद ठेवा. करच भरलेला असेल तर पुढे बोलायला तोंड राहतं.

अंत्रुजकर
आणि शेड्यूल एफए, तो परदेशी मालमत्तेचा तक्ता? नाण्यांची किल्ली ज्यात आहे ते माझं हार्डवेअर वॉलेट फोंड्यात कपाटात, बायकोच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी आहे. ती परदेशी मालमत्ता कशी?

काळा_कोट
माझ्या मते नाहीच. किल्ली फोंड्यात, मालक फोंड्यात. साखळी कुठल्या देशात आहे म्हणून लिहिणार? कंट्री कोड कुठला?

ताळेबंद
मी इथे वकिलसाहेबांशी सहमत नाही. परदेशी एक्सचेंजवर खातं असेल तर ते दाखवायचंच, त्यात वाद नाही. स्वतःच्या वॉलेटबद्दल स्पष्ट सूचना नाही. पण ब्लॅक मनी कायद्याखाली न दाखवल्याचा दंड दहा लाख आहे, आणि जास्त दाखवल्याचा शून्य. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर तो दंड लागत नाही, तरी दाखवण्याची जबाबदारी राहतेच. मी दाखवायला लावतो.

आणि एक गंमत. शेड्यूल एफए कॅलेंडर वर्षाचं असतं. म्हणजे येत्या जुलैत भराल त्यात ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचं चित्र, आणि शेड्यूल व्हीडीएत ३१ मार्च २०२६ पर्यंतचं. दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत म्हणून रात्री फोन करू नका, ते जुळायचेच नाहीत.

काळा_कोट
दाखवलं की प्रश्न विचारले जातात, हा माझा अनुभव. पण दहा लाखांपुढे मी वाद घालत नाही.

नोड_चालक
नोंदींबद्दल माझ्याकडून, कारण यात सीएंपेक्षा मला जास्त कळतं. आर्बिट्रमवर, म्हणजे इथेरियमला जोडलेल्या दुसऱ्या साखळीवर, व्यवहार असतील तर आर्बिस्कॅन या तिच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवरून सीएसव्ही फाइली उतरवा. साध्या व्यवहारांची एक, टोकनांची वेगळी, आतल्या व्यवहारांची तिसरी. तिन्ही लागतात. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. आपली मध्यरात्र म्हणजे तिकडचे संध्याकाळचे साडेसहा. ३१ मार्चला यूटीसी रात्री आठचा स्वॅप आपल्याकडे १ एप्रिलला पहाटे दीडला पडतो, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. शीटमध्ये साडेपाच तास मिळवल्याशिवाय तारखांना हात लावू नका.

दुसरा सापळा ब्रिजचा, म्हणजे एका साखळीवरून दुसरीवर नाणी नेण्याचा. इथेरियमवरून आर्बिट्रमला नाणी नेली, की इकडे एक हॅश म्हणजे व्यवहार क्रमांक, तिकडे दुसरा. कर काढणारी सॉफ्टवेअरं इकडचं "विक्री" धरतात आणि तिकडचं शून्य किमतीला "मिळालं" धरतात. एकाच पैशावर दोनदा नफा! त्या जोड्या हाताने जुळवाव्या लागतात. जुने, वापरात नसलेले वॉलेट पत्तेही यादीत घ्या, नाहीतर आलेली नाणी कुठून आली त्याचा पत्ता लागत नाही.

ताळेबंद
नोडभाऊ, ऑफिसात या. दोन आर्टिकल पोरं आहेत, त्यांना शिकवा. पगार रुपयांत.

अंत्रुजकर, एक गोष्ट कोणी बोललं नाही आणि ती सगळ्यात महाग पडू शकते. लिस्बनच्या कामाचे पैसे यूएसडीसीत घेता. जीएसटीत सेवेची निर्यात ठरायला मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात यावा लागतो, किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत. यूएसडीसी दोन्हीत बसत नाही. उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की १८ टक्क्यांचा प्रश्न उभा राहील, आणि फेमा या परकीय चलन कायद्याचा वेगळा. बँकेतून पैसे आले तर यातलं काहीच नाही.

अंत्रुजकर
सगळ्यांना देव बरें करूं. भावाने देश दुरुस्त केला. कंपनीशी बोललो, पुढच्या बिलापासून बँकेने पाठवायला तयार आहेत, फक्त वायरची फी माझ्यावर टाकणार म्हणतात. आधीच्या महिन्यांची सीएसव्ही उतरवतोय. ३१ मार्चच्या आत आणखी इथर घेणार नाही असं बायकोला कबूल केलंय. निम्मा नफा तिच्या नावावर जातो हे कळल्यापासून ती आता भाव विचारते.

शिपर_बाणावली
माझं अजून समुद्रातच आहे.

ताळेबंद
सॉरी शिपर, राहूनच गेलं. सीडीसी या खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या तारखा काढा. परदेशी फेरीतले ते दिवस भारतातल्या मुक्कामात मोजत नाहीत. उरलेले दिवस १८२ च्या आत असतील तर तुम्ही अनिवासी, आणि शेड्यूल एफए तुम्हाला नाही. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कुठल्याच देशात करदायित्व नसेल, तर कायदा तुम्हाला भारताचाच रहिवासी मानतो. भारतीय एक्सचेंजवर विकलंत तर ३० टक्के इथे आहेतच. फॉर्ममध्ये काय लिहायचं ते या हिशेबावर ठरेल. सीडीसीच्या पानांचे फोटो पाठवा, मग बोलू.

मिर्चीपाव
शिपर, आत्ताच पाठवा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ताळेबंद बाब फोन उचलत नाहीत.

ताळेबंद
उचलतो. फी तेवढी वेगळी असते.